डोक्याला मार लागल्यापासून ह्यांची झोप गेली आहे. ऑनलाइन थेरपीने खरंच फरक पडतो का?

नीराकाठ

नमस्कार. इथलं बरंच वाचते, लिहिते पहिल्यांदाच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमचे हे साखर कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क आहेत. मागच्या हंगामात चार-बाराची पाळी संपवून मोटरसायकलवर घरी येताना रस्त्याकडेला उभ्या केलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळले. ट्रॉलीला मागे ना रिफ्लेक्टर ना दिवा, आणि ह्यांचं हेल्मेट हँडलला. डोक्यात रक्त साकळलं, कवटी उघडून ऑपरेशन करावं लागलं. दवाखान्यात असतानाच एकदा फिटही आली.

देवाच्या कृपेने आता चालणं-बोलणं ठीक आहे. नावं विसरतात, भांडं पडलं तरी दचकतात, दुपारपर्यंत पार गळून जातात. हे असं होईल म्हणून डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. झोपेचं मात्र कुणी काही बोललं नव्हतं.

साडेनऊला अंथरुणावर पडतात. बाराच्या पुढे कधीतरी डोळा लागतो आणि दोनला टक्क जागे. मग कूस बदलणं, मोबाईलवर किती वाजले बघणं, मला हलवून "झोपलीस का गं?" विचारणं. पहाटे जरा झोप लागते तोवर नळाला पाणी येतं आणि सासूबाईंच्या कळशा वाजायला लागतात. दुपारी जेवल्यावर मात्र दोन-अडीच तास गाढ.

गोळ्या: फिटसाठी लेव्हेटिरासिटॅम दोन वेळा आणि रात्री क्लोनाझेपाम अर्धी. तिने काय ती थोडी झोप लागते, पण सकाळी जीभ जड आणि न्हाणीत तोल जातो. ओपीडीत विचारलं तर "चालू ठेवा, हळूहळू होईल" एवढंच उत्तर. मागे रांग एवढी की दुसरा प्रश्न विचारायला तोंड उघडत नाही.

आता गाळप पुन्हा सुरू झालंय. रात्रभर दारावरून ट्रॅक्टर आणि त्यावर कर्णे. ह्यांच्या मनात एकच: झोप नाही तर मेंदू भरून येणार नाही, मेंदू भरून आला नाही तर काट्यावर आकडा चुकणार, मग नोकरी जाणार. रात्री दोनला हा सगळा हिशोब मला ऐकवतात.

मुलगी पुण्यात शिकते. तिने शोधलं की झोपेसाठी सीबीटी-आय नावाची थेरपी असते, व्हिडिओ कॉलवर होते, अ‍ॅपही आहेत. पण स्क्रीनकडे दहा मिनिटं बघितलं की ह्यांचं डोकं ठणकतं, सांगितलेलं लक्षात राहत नाही आणि अ‍ॅप सगळी इंग्रजीत. अशा माणसाला ही थेरपी जमते का? आणि नुसतं बोलून झोप येते कशी, हे मला अजून उमगलेलं नाही. कुणी घेतली असेल तर खरं खरं सांगा.

वाईकर_काकू

अगं, रात्री तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घास, दहा मिनिटांत जांभया येतील. आणि दुधात जायफळ उगाळून दे, जरा सढळ हाताने. आमच्या घरात झोपेच्या गोळीचं पाकीट कधी आलं नाही. दुपारची झोप बंद कर आधी.

टूलरूम_चिंचवड

ताई, मी घेतली आहे, म्हणून लिहितो. मी टूलरूमला होतो. शेडच्या पोटमाळ्यावरून खाली आलो, डोकं आधी. ऑपरेशनची वेळ आली नाही, पण वर्षभर ट्यूबलाइटखाली उभं राहता येत नव्हतं आणि रात्री झोप नाही. मिस्टरांचं दोन वाजताचं गणित वाचून हसू आलं, माफ करा, कारण माझं अगदी तेच होतं. फक्त काट्याच्या जागी मायक्रोमीटर.

"नुसतं बोलून" म्हणालात. बोलणं त्यात फार कमी असतं हो. माझी थेरपिस्ट बाई नागपूरला, मी चिंचवडला, अजून समोरासमोर भेट नाही. पहिल्या कॉलला तिने माझं बालपण वगैरे काही विचारलं नाही. विचारलं ते असं: अंथरुणावर कधी जाता, दिवा कधी मालवता, किती वेळाने झोप लागली असं वाटतं, मधे किती वेळ जागे, शेवटी उठता कधी, दिवसा कुठे डुलकी. आणि म्हणाली, हे रोज सकाळी वहीत लिहायचं. अंदाजाने. रात्री घड्याळ बघायचं नाही, घड्याळ खोलीतूनच बाहेर. ज्या माणसाने आयुष्यभर शंभरावा भाग मिलिमीटर मोजला त्याला "अंदाजाने लिहा" म्हणणं म्हणजे शिक्षाच.

आठवड्याने तिने वहीवरून हिशोब मांडला. मी अंथरुणावर नऊ तास असायचो आणि झोपायचो पाचच्या आसपास. म्हणजे जवळजवळ निम्मा वेळ मी बिछान्यावर झोपेची वाट बघत पडलेलो. ती म्हणाली, तुमच्या शरीराला आता हीच सवय लागली आहे की गादी म्हणजे जागं राहायची जागा. ते मोडायचं. मग माझी बिछान्यावर जायची वेळ पुढे ढकलली, उठायची वेळ पक्की केली, रविवार असो की दसरा. मधे जाग आली आणि चिडचिड सुरू झाली की उठून दुसरीकडे बसायचं, झोप आली की परत. बिछान्यावर पडून मोबाईल, चहा, घरखर्चाच्या गप्पा बंद.

खरं सांगायचं तर सुरुवातीचे आठवडे वाईट गेले. आधीपेक्षा जास्त पेंग. त्या काळात मी गाडी चालवली नाही आणि ग्राइंडिंगला हात लावला नाही, तिने तसं लिहूनच घेतलं होतं. बरेच जण इथेच सोडतात. मलाही सोडायचं होतं, बायकोने सोडू दिलं नाही. मग एका रात्री सलग झोपलो, त्यानंतर परत दोन वाईट, मग तीन बऱ्या. हळूहळू असं. झोपेचं प्रमाण सुधारलं की ती पाव-पाव तास वाढवून द्यायची.

आता विसरण्याचं आणि स्क्रीनचं. तिने तासाचं सत्र मोडून अर्ध्या-अर्ध्या तासाची दोन केली. मी फोन टेबलावर पालथा ठेवायचो, फक्त आवाज. शेवटची पाच मिनिटं बायको यायची आणि ठरलेलं परत म्हणून दाखवायची. मग व्हॉट्सअ‍ॅपवर एक छोटा व्हॉइस मेसेज यायचा: या आठवड्यात करायच्या दोन गोष्टी. दोनच, तिसरी नाही. त्या आम्ही मार्करने कागदावर लिहून फ्रिजला लावायचो. अ‍ॅप मीही आधी करून बघितलं होतं, ते रोज नवीन धडा दाखवायचं आणि मला कालचाच आठवत नसायचा.

सगळ्यात उपयोग झाला तो मात्र एका वेगळ्याच वहीचा. "झोप झाली नाही म्हणजे उद्या डोकं चालणार नाही" हे मी रात्री ठामपणे म्हणायचो. ती म्हणाली, ठीक, तपासू. रोज संध्याकाळी दोन ओळी: काल झोप कशी, आज काय चुकलं, काय जमलं. महिनाभराने वाचलं तर वाईट रात्रीनंतर मी ड्रॉइंग बरोबर वाचलेलं, आणि मस्त झोपेनंतर गॅसवर दूध उतू घालवलेलं. विसरणं माझ्या मारामुळे होतं, सगळं झोपेच्या डोक्यावर मारण्यात अर्थ नव्हता. हे कळल्यावर रात्री दोनला घाबरायचं कारणच निम्मं उरलं. मिस्टरांना आकड्यांची सवय आहे, त्यांना ही वही जमेल असं वाटतं.

मनोविज्ञान_सोलापूर

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. वरचा अनुभव छान लिहिला आहे. पण ताई, तो जसाच्या तसा उचलू नका. तुमच्या मिस्टरांना फिट येऊन गेली आहे. टूलरूम यांना तसं काही नव्हतं असं दिसतंय.

आधी हे मनावरून काढा की तुमच्याच घरी काही विचित्र घडतंय. मेंदूला इजा झालेल्यांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये आढावा घेतला गेला, त्यात साधारण निम्म्या लोकांना झोपेची काही ना काही तक्रार होती आणि २९ टक्क्यांच्या आसपास लोकांना निद्रानाश. कारणं एकात एक गुंतलेली असतात. झोप-जाग सांभाळणारे मेंदूतले भाग दुखावतात. अशी इजा झालेल्यांमध्ये संध्याकाळी मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, कमी तयार होतं, असं मेलबर्नच्या संशोधकांना २०१० मध्ये दिसलं. त्यात डोकेदुखी, काळजी, औषधं आणि दिवसभराचा थकवा. हा थकवा आळस नव्हे, म्हणून काकूंचं "दुपारची झोप बंद" मला मान्य नाही. बंद नको, आखडती घ्या: तीनच्या आत, गजर लावून अर्धा तास.

सीबीटी-आयचे, म्हणजे सवयी आणि विचार बदलून निद्रानाश घालवणाऱ्या या थेरपीचे, दोन मुख्य खांब जुने आहेत. बिछान्याचा संबंध फक्त झोपेशी जोडण्याची पद्धत रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडली, आणि बिछान्यावरचा वेळ कमी करण्याची आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये. २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने दीर्घकाळच्या निद्रानाशावर गोळीच्या आधी हीच थेरपी द्या असं सांगितलं. डोक्याच्या दुखापतीनंतरचा पुरावा त्यामानाने थोडा आहे, पण आहे. मोनाश विद्यापीठातल्या गटाने २०१७ मध्ये २४ जणांवर, स्मरणशक्तीच्या अडचणी लक्षात घेऊन बदललेली आठ सत्रांची थेरपी तपासली. झोप आणि थकवा दोन्हींत सुधारणा दिसली. ऑनलाइन स्वरूपाची एक छोटी चाचणी न्यूझीलंडमध्येही झाली आहे आणि तिचा कलही चांगल्याकडे आहे. चाचण्या लहान आहेत, त्यामुळे मी हमी देणार नाही, पण ही थेरपी तुमच्यासाठी योग्य दिशा आहे एवढं नक्की म्हणेन.

आता धोका. झोप कमी झाली की फिट येण्याची शक्यता वाढते. त्यामुळे बिछान्यावरचा वेळ एकदम तोडण्याचा भाग अशा रुग्णात मी करत नाही. पंधरा-पंधरा मिनिटांनी हळू कमी करते, सहा तासांच्या खाली नेत नाही, आणि तेही न्यूरॉलॉजिस्टचा होकार घेऊन. कोणत्याही अ‍ॅपला ह्यांची फिट माहीत नसते. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचं सीबीटी-आय कोच नावाचं मोफत अ‍ॅप चांगलं आहे, पण तेसुद्धा थेरपिस्टच्या जोडीने वापरण्यासाठी बनवलेलं आहे.

क्लोनाझेपाम मनाने बंद करू नका. एकदम तोडली तर झोप आणखी उडते आणि फिटही येऊ शकते. पण न्हाणीत तोल जातो हे डॉक्टरांना लिहून द्या. ओपीडीत तोंड उघडत नाही म्हणालात ना, मग कागद पुढे करा. त्यावर तीनच ओळी: सकाळी तोल जातो, रात्री अमुक तास झोप, गोळी कमी करता येईल का. जायफळ सढळ हाताने अजिबात नको. जास्त प्रमाणात ते विषारी आहे, आणि इथे वर गुंगीची गोळीही चालू आहे. काशाची वाटी खुशाल घासा, संध्याकाळ शांत होण्यासाठी छान आहे.

थेरपिस्ट शोधताना आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे का विचारा, आणि "मेंदूला इजा झालेल्यांसोबत काम केलंय का, सीबीटी-आय करता का" हे दोन प्रश्न सरळ विचारा. लाजू नका, आम्हाला सवय असते. कुठूनच सुरुवात होत नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. तिथे पूर्ण सीबीटी-आय मिळेल असं नाही, पण कुठे जायचं हे सांगतील.

एक प्रश्न राहिला: ते घोरतात का?

नीराकाठ

सगळ्यांचे आभार. काकू, वाटी सुरू करते.

घोरणं विचारू नका मॅडम. पहाटे जी थोडी झोप लागते त्यात असं घोरतात की दारावरचा ट्रॅक्टर बरा. मधेच घोरणं थांबतं, एकदम सामसूम, मग हुंदका दिल्यासारखा श्वास घेतात आणि परत सुरू. मला वाटायचं की घोरतायत म्हणजे निदान झोप तरी गाढ आहे. अपघातानंतर दहाएक किलो वजनही वाढलंय, घरातच बसून.

मिरज_रात्रपाळी

मी न्यूरो आयसीयूत सिस्टर आहे. हे जे लिहिलंत ना ताई, ते आजच मोबाईलवर रेकॉर्ड करा. दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ, चेहरा आणि छाती दिसेल असा. ओपीडीच्या घाईत तोंडी सांगितलेलं हवेत जातं, व्हिडिओ मात्र डॉक्टर बघतातच.

आणि झोप बिघडायची सुरुवात पुष्कळदा आमच्याकडेच होते, हेही सांगते. आयसीयूत रात्रभर दिवे, तासातासाला डोळ्यांत टॉर्च मारून बाहुल्या बघायच्या, नाव विचारायचं. ते करावंच लागतं, रक्तस्राव वाढला तर त्यावरूनच कळतं. पण घरी गेल्यावर दिवसरात्र परत जागेवर आणायचं काम घरच्यांवर पडतं आणि डिस्चार्ज कार्डावर त्याची एक ओळ नसते. सकाळी उठल्या उठल्या त्यांना ओट्यावर उन्हात बसवा, चहा तिथेच द्या.

मनोविज्ञान_सोलापूर

सिस्टरांचं अगदी बरोबर. ताई, श्वास थांबून हुंदका येणं हे स्लीप अ‍ॅप्नियाचं (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याच्या आजाराचं) लक्षण असू शकतं. डोक्याला इजा झालेल्यांमध्ये तो बऱ्याचदा सापडतो, त्यात वजन वाढलेलं. क्लोनाझेपामसारख्या गोळीने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात, म्हणजे हे लवकर सांगायला हवं. आधी स्लीप स्टडी, म्हणजे रात्री झोपेत श्वास वगैरे मोजणारी तपासणी. आता घरी मशीन लावूनही होते. अ‍ॅप्निया निघाला तर त्याचा उपचार आधी किंवा सोबत. नाहीतर थेरपी कितीही चांगली असली तरी माणूस दिवसा पेंगतच राहील आणि दोष थेरपीला लागेल.

तोवर वही आणि उठण्याची एकच वेळ, एवढं सुरू करायला हरकत नाही. बिछान्यावर साडेनऊऐवजी साडेदहाला, झोप आली तर; बाराआधी डोळा लागतच नाही, त्यामुळे यात झोप तुटत नाही. त्यापुढे काही कमी करू नका.

नोकरीचं: कामावर परतताना "फिरती पाळी नको, दिवसपाळी द्यावी" असं न्यूरॉलॉजिस्टकडून लेखी घ्या. चार-बारा, बारा-आठ अशी पाळी दर आठवड्याला बदलत राहिली तर धडधाकट माणसाची झोप टिकत नाही. आणि फिट येऊन गेली आहे, तेव्हा मोटरसायकल डॉक्टर परवानगी देईपर्यंत नाहीच.

टूलरूम_चिंचवड

फिटचं माझ्या लक्षात यायला हवं होतं, मॅडमनी पकडलं ते बरं झालं. ताई, माझ्यातलं वेळ तोडायचं सोडा, वह्या घ्या. कारखान्यात हलकी कामं असतात. मी परत गेलो तेव्हा आधी स्टोअरला अर्धा दिवस बसवलं होतं, नंतर टूलरूम. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

नीराकाठ

व्हिडिओ काढला. हे स्वतः बघून घाबरले आणि मग स्वतःच म्हणाले, तपासणी करू. आजवर "मला काही झालेलं नाही" म्हणणारा माणूस. लेक सोमवारी येतेय, ती आणि मी मिळून कागद लिहून ओपीडीला नेतो. थेरपिस्ट स्लीप स्टडीनंतर शोधू.

वही आजपासून. कारखान्याची जुनी रोजकीर्द होती घरात, तिच्यातच रकाने आखून घेतलेत, ह्यांनीच आखले, पट्टीने.

एक अडचण आहे. घर दोन खोल्यांचं, पुढच्या खोलीत सासूबाई झोपतात. रात्री जाग आली तर उठून बसायला फक्त ओटा आहे, तिथे डास आणि ट्रॅक्टरचे कर्णे. काय करू?

टूलरूम_चिंचवड

आमचंही एकाच खोलीत होतं. दुसरी खोली असायलाच हवी असं नाही. बिछाना सोडून भिंतीशी एक खुर्ची ठेवा, मंद दिवा, बास. मी स्वयंपाकाच्या ओट्याशी स्टुलावर बसून लसूण सोलायचो. मोबाईल हातात नको. कर्ण्यांसाठी मेडिकलमध्ये कानात घालायचे फोमचे बोळे मिळतात, पण सासूबाईंनी हाक मारली तर ऐकू येणार नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

वाईकर_काकू

जायफळाचं मागे घेते. तूप मात्र गाईचंच घे.